जेवायला काय होतं?

परवा दुपारी जेवून आडवी झाले होते, हातात एलिस पीटर्सचं 'मंक्स हूड', आधी वाचलेलंच, आणि लेकीने विचारलं, आई यात खुनी कोण गं? मला आठवेना. खरंच आठवेना. पण मेलेल्या माणसाने शेवटचं काय खाल्लं हे विचारलं असतं तर झोपेत सांगितलं असतं. तितर. सॉसमधलं. मठाच्या प्रायरसाठी, म्हणजे तिथल्या मोठ्या साधूसाठी, खास केलेलं आणि त्यातला एक वाटा मेहेरबानी म्हणून याच्याकडे पाठवलेला.

गोष्ट 1138 च्या डिसेंबरातली, इंग्लंडात श्रूजबरीला सेव्हर्न नदीकाठच्या मठातली. शोध लावणारा ब्रदर कॅडफेल, वेल्श गडी, तरुणपणी क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्त्यांच्या धर्मयुद्धाला, जाऊन आलेला, आता औषधी झाडं लावतो नि झोपडीत काढे उकळत बसतो. आणि विष कुठलं, तर त्यानेच म्हाताऱ्या साधूंचे सांधे चोळायला केलेलं तेल, आपल्या बचनागाच्याच कुळातल्या झाडाचं! मग काय, ताट कुणाच्या हातातून कुणाच्या हातात गेलं, चुलीपाशी एकटं कोण होतं, बाटली कुठे गेली, सगळं स्वैपाकघर उलटंपालटं. बाहेर राजा स्टीफन आणि त्याची चुलतबहीण मॉड यांचं गादीवरून भांडण चाललंय, ती पानं मी भराभर उलटते.

इतिहासाच्या पुस्तकात लढाईची तारीख मिळते, त्या रात्री भांडी कुणी घासली ते कोण लिहितंय. ते कळायला मुडदाच पडावा लागतो.

आजोळी सुट्टीत साखरांब्याची बरणी अर्ध्यावर आली की आजी अशीच चौकशी लावायची. ओरडायची अजिबात नाही. आधी बरणीच्या फडक्याची गाठ बघायची, मग चमचे, मग आम्हा सगळ्यांना ओळीने जेवायला बसवून पाणी कोण जास्त पितंय यावर नजर ठेवायची, आणि दरवेळी सापडायचा धाकटा मामा, दोन पोरांचा बाप असून.

माझी एक खोड आहे, जुन्या काळच्या गोष्टीत बटाटा दिसला की माझं लेखकाशी फाटतं. बाराव्या शतकात युरोपात कुठला आलाय बटाटा! आपल्याकडेही नव्हता म्हणा, मिरचीसुद्धा पोर्तुगीजांबरोबर आली. मग आपण तेव्हा खात काय होतो? तर 1129 च्या सुमारास, म्हणजे त्या तितराच्या दहाएक वर्षं आधी, कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने 'मानसोल्लास' हा ग्रंथ लिहिला, त्यात मांडे आहेत, वडे आहेत, इडलीची पणजी शोभेल अशी उडदाची इडरिका आहे आणि शेतातले उंदीर भाजायची रीतही आहे. राजाच्या नावावर उंदराची रेसिपी, विचार करा.

एवढा भरलेला मुदपाकखाना, आणि तिथे घडणारी एक धड मर्डर मिस्टरी माझ्या वाचनात नाही. मांडे भाजणाऱ्या बाईला सगळं माहीत असणार, कोण कधी आत आलं, कुणी काय चाखलं, आणि तिला कुणी काही विचारलेलं नसणार. लिहा हो कुणीतरी. खून राजाच्या मेव्हण्याचा करा नाहीतर वैद्याचा, मला काहीही चालेल, फक्त फोडणीत मिरची घालू नका.