चेहरा आधी हिरवा

आठवणी लिहिणारे शाळेच्या या अंकात पुष्कळ असतील, म्हणून मी माझ्या कामातलं एकच सांगतो: ओल्या गिलाव्यावरच्या चित्रात, म्हणजे फ्रेस्कोत, माणसाच्या कातडीचा रंग कसा आणतात. एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांकडे ‘स्किन कलर’ची बाटली असते. ती इथे कामाची नाही.

इटलीतली जुनी रीत चेहरा हिरव्यापासून सुरू करते. १४०० च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकाराने लिहून ठेवलेलं माप अगदी घरगुती आहे: घेवड्याच्या दाण्याएवढी गडद पिवडी, मसुरीएवढा काळा, दाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतका चुन्याचा पांढरा आणि चाकूच्या टोकावर मावेल तेवढा फिकट तांबूस. हा मळकट हिरवट रंग म्हणजे व्हेर्दाच्चो. पाण्यासारखा पातळ करून त्याने नाक, डोळे, हनुवटी काढायची. मग अगदी पातळ हिरव्या मातीने सावल्या द्यायच्या. ही माती दख्खनच्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांतही सापडते.

त्यावर तांबूस रंग. दोन भाग स्वच्छ गेरू, एक भाग चुन्याचा पांढरा. आधी ओठ आणि गाल, नंतर याच रंगात पांढरा वाढवत तीन वाट्या: गडद, मधली, उजळ. प्रत्येकीचा ब्रश वेगळा. सावलीच्या कडेला हिरवा पूर्ण झाकायचा नाही. तांबड्याशेजारी तो राहिला तरच गाल गोल दिसतो. सगळं झाकलं की चेहरा मातीच्या गणपतीला पहिला हात मारल्यासारखा सपाट होतो. मेलेल्या माणसाच्या गालावर तांबूस लावूच नये, असंही चेन्निनी सांगतो.

आपल्या सावळ्या-गव्हाळ चेहऱ्याला हे माप जसंच्या तसं चालत नाही. मी पांढरा निम्म्यावर आणतो, पिवडी वाढवतो आणि गडद वाटीत थोडा बर्न्ट अंबर, म्हणजे भाजलेल्या मातीचा गडद तपकिरी रंग, घालतो. हिरवा मात्र तसाच ठेवतो.

पांढरा नेहमी चुन्याचाच. विरवलेल्या चुन्याची भुकटी आठ दिवस रोज पाणी बदलून भिजवायची आणि वड्या करून उन्हात वाळवायच्या. शिशाचा सफेदा भिंतीवर काळा पडतो. इटलीत असिसीच्या चर्चमधल्या, जुना चित्रकार चिमाबुए याच्या भित्तिचित्रांत उजेडाच्या जागाच काळ्या झाल्या आहेत.

रंग फक्त पाण्यात घोटायचा. डिंक नाही, फेव्हिकॉल तर नाहीच. चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा दगड होतो आणि रंगाचे कण त्यात अडकतात. गिलाव्यावर चुन्याची साय धरल्यावर रंग लावला तर तो वाळून बोटाला भुकटीसारखा येतो. नागपूरच्या मे महिन्यात ही साय फार लवकर धरते, म्हणून चेहऱ्याचं काम हिवाळ्यात, पहाटे. एक डोकं एकाच दिवशी पुरं करायचं आणि त्या दिवसाच्या गिलाव्याचा सांधा केसांच्या कडेने घ्यायचा. ओला रंग वाळल्यावर बराच उजळतो, त्यामुळे अर्ध्या गालाचा रंग दुसऱ्या दिवशी जुळत नाही. रंग आधी वाळलेल्या गिलाव्याच्या तुकड्यावर लावून पाहावा.

शाळेच्या भिंती सिमेंटच्या आहेत, त्यांच्यावर हा प्रयोग नको. सिमेंटमधले क्षार रंगावर फुलतात. मुलांनी छपराचं जुनं कवेलू घ्यावं. रात्रभर भिजवून त्याच्या पाठीवर एक भाग मुरलेला चुना आणि दोन भाग धुतलेली कन्हान नदीची रेती यांचा थर द्यावा. तो आवळला की वर निम्मा चुना, निम्मी बारीक चाळलेली रेती, तीन-चार मिलिमीटर. बोट टेकवल्यावर गिलावा चिकटेनासा झाला की व्हेर्दाच्चो घ्यायचा. चुन्याला हात लावताना हातमोजे आणि चष्मा हवाच.