पियानोशिवाय ट्रिओ : टेनर लॉग, ब्लूजवरच मुक्काम

सध्या फक्त टेनर (टेनर सॅक्सोफोन), डबल बास आणि ड्रम्स, आणि अजून एफ ब्लूजच, म्हणजे बारा बारचा ठरलेला कॉर्डचा साचा, चाललाय (टेनरचे सूर एक पूर्ण सूर वरचे लिहितात, खालचे सगळे सूर त्याच हिशोबाने, म्हणजे जी ब्लूज), कारण मोकळं सुटायच्या आधी पियानो नसताना नुसत्या माझ्या लाइनमधून कॉर्ड ऐकू येते का ते बघायचंय.

सगळ्यात जास्त वेळ पाचव्या बारवर गेला. जी सेव्हन कॉर्डमधला बी (तिचा थर्ड, म्हणजे तिसरा सूर) तिथे सी सेव्हनचा बी फ्लॅट (सेव्हन्थ, सातवा सूर) होतो, सरकतो अर्धाच सूर, पण तो बारच्या पहिल्या बीटवर नीट ठेवला आणि बासने नुसता सी धरला की कॉर्ड बदललेली स्वच्छ कळते, बाकीचे सूर वाजवले नाहीत तरी चालतं. थर्ड आणि सेव्हन्थ एवढ्याच दोन सुरांवर अख्खा कोरस (बारा बारची एक फेरी) काढून बघा, खरंच खूप शिकायला मिळतं.

आता खरी मजा. दहाव्या बारला डी सेव्हनवर मी एफ शार्प लांब धरला आणि बासने डी सोडून ए फ्लॅट घेतला, तर माझा तोच सूर आधी थर्ड होता तो आता सेव्हन्थ होतो, बोट न हलवता रंग पालटतो! पियानो असता तर हे आधी ठरवावं लागलं असतं नाहीतर पियानोवाल्याने त्याच क्षणी ओळखायला हवं, इथे दोघांच्यात जागच्या जागी होऊन जातं. मला तरी या ट्रिओतलं स्वातंत्र्य म्हणजे हेच वाटतं, वाट्टेल ते सूर वाजवणं नाही.

ऐकण्यात टेनरवाला सॉनी रॉलिन्सच. मार्च १९५७ मध्ये रे ब्राउन (बास) आणि शेली मॅनबरोबर (ड्रम्स) 'वे आउट वेस्ट' हा अल्बम, मग ३ नोव्हेंबरला न्यूयॉर्कच्या व्हिलेज व्हॅनगार्ड या जॅझ क्लबमधलं लाइव्ह रेकॉर्डिंग. व्हॅनगार्डमध्ये विल्बर वेअर (बास) आणि एल्विन जोन्स (ड्रम्स) असलेले ट्रॅक आधी ऐका, रॉलिन्स छोटासा तुकडा घेऊन तोच फिरवत राहतो आणि मध्ये चक्क थांबतो, तेव्हा बास काय करतोय ते ऐका. मीही आता दोन-दोन बार सोडतोय, ड्रमरचं उत्तर आलं की त्याच्याच रिदमवर पुढचा फ्रेज उचलतो.

बॅलड मात्र अजून पातळ वाटतं, टेम्पो हळू असला की टोनला लपायला जागाच नाही. त्यामुळे पुढचे काही दिवस बासला एकच सूर धरायला सांगून त्यावर खालच्या रजिस्टरचे लाँग टोन, अगदी हळू आवाजात.