आमची वाटचाल : एचडीपीईचा जॉइंट आणि अणुकेंद्राची कसोटी

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली आमची फर्म एचडीपीई (हाय डेन्सिटी पॉलिइथिलीन) या प्लास्टिकचे पाइप जोडण्याचं काम करते. सुरुवात पंचगंगा आणि भोगावती काठच्या उपसा सिंचन योजनांपासून झाली. पुढे साखर कारखान्यांच्या कूलिंग वॉटरच्या लाइन आल्या, मग फाउंड्र्यांची आणि फायर लाइनची कामं. आज आमच्या साइटवर जी पद्धत चालते ती मात्र या कामांतून आलेली नाही. ती अणुवीज केंद्रांसाठी लिहिलेल्या नियमांवरून आम्ही बेतली. अणुकेंद्राचं काम आम्ही करत नाही, पण प्लास्टिक पाइपला सगळ्यात अवघड प्रश्न त्या नियमांनी विचारले आहेत आणि त्यांची उत्तरं जॅकवेलच्या (नदीकाठच्या पंपाच्या विहिरीच्या) लाइनलाही तितकीच लागू पडतात.

हा पाइप रिअॅक्टरजवळ जात नाही. नदी-तलावाचं कच्चं पाणी यंत्रं थंड करायला नेणारी, जमिनीत पुरलेली लाइन एवढंच त्याचं काम. तिथे पूर्वी कार्बन स्टील असायचं. कच्च्या पाण्यात स्टीलला आतून गंजाच्या गाठी धरतात, गाठीखाली जिवाणू वाढतात, पाइपला बारीक भोकं पडतात आणि पाण्याची वाटही अरुंद होते. एचडीपीईला हे दुखणं नाही. म्हणून एएसएमई या अमेरिकेतल्या मेकॅनिकल इंजिनिअरांच्या संस्थेने २००७ मध्ये आपल्या नियमावलीला जोड म्हणून कोड केस एन-७५५ काढली: सुरक्षेच्या तिसऱ्या वर्गातल्या, पुरलेल्या लाइनसाठी पॉलिइथिलीन कसं वापरायचं याचे नियम. मिसूरीतल्या कॅलवे केंद्रात ३६ इंची एचडीपीई लाइन त्यानंतर लगेचच पडली. अमेरिकेच्या अणुनियामक आयोगाने मात्र सरसकट मान्यता दिली नाही, केंद्रागणिक अर्ज तपासले. २०१५ च्या आवृत्तीत हे नियम एएसएमई सेक्शन तीनच्या परिशिष्ट २६ मध्ये आले आणि आयोगाने नंतर तेही अटी घालूनच स्वीकारले. आमच्या मते हा सावधपणा योग्य होता.

शंका दोन होत्या. पहिली, पाइपवर ओरखडा असेल तर वर्षानुवर्षांच्या दाबाखाली त्यातून चीर हळूहळू आत सरकते. त्यासाठी खाच पाडलेला नमुना ८० अंश सेल्सिअसला २.४ मेगापास्कल ताणाखाली टांगून ठेवतात. नेहमीच्या पीई ४७१० या प्रतीच्या मालाला ५०० तास पुरतात, अणुकेंद्राच्या मालाला २००० तास टिकावं लागतं. ताणाची मर्यादाही कमी धरली: पीई १०० या प्रतीच्या मालाची २० अंशांवरची १० मेगापास्कलची ताकद सुरक्षेसाठी १.२५ ने भागली की ८ मेगापास्कल मिळतात, एन-७५५ ने साधारण ५.५ वरच थांबवलं.

दुसरी शंका जॉइंटची, आणि आमचा सगळा धंदा तिथेच आहे. तापलेल्या प्लेटला टेकवून पाइपची दोन तोंडं वितळवायची आणि एकमेकांवर दाबून धरायची, असा हा जॉइंट होतो. कच्चा राहिलेला जॉइंट बाहेरून चांगला दिसतो. बीड, म्हणजे जोडावर वितळून बाहेर आलेली कड, गोल असतो, हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची चाचणीही पास होते. दोन तोंडं चिकटलेली असतात, पण प्लास्टिकच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकांत गुंतलेल्या नसतात. मध्ये पोकळी नसल्याने अल्ट्रासॉनिकलाही तो सहजी सापडत नाही. म्हणून जॉइंट पाहून नव्हे, तो कसा केला याची नोंद पाहून पास करायचा, हे त्या नियमांचं मुख्य सूत्र आम्ही उचललं.

३१५ मिमी, एसडीआर ११ चा, म्हणजे बाहेरचा व्यास जाडीच्या ११ पट असलेला पाइप घ्या. जाडी २८.६ मिमी, तोंडाचं क्षेत्रफळ सुमारे २५,७०० चौरस मिमी. डीव्हीएस २२०७ या जर्मन वेल्डिंग नियमाप्रमाणे चौरस मिमीला ०.१५ न्यूटन धरले तर ३८६० न्यूटन जोर लागतो. मशीनच्या सिलिंडरांचं मिळून क्षेत्रफळ १२ चौरस सेंमी असेल तर गेजवर ३२ बार. यात ड्रॅग, म्हणजे पाइप नुसता ओढायला लागणारा दाब, मिळवायचा. ड्रॅग १० बार आला तर ४२. तो प्रत्येक जॉइंटला नव्याने मोजावा लागतो, कारण रांग लांबते, चढ येतो, रोलर चिखलात रुततो. सकाळचा आकडा दिवसभर चालवला की दुपारचे जॉइंट कमी दाबाने होतात.

ट्रिमरने, म्हणजे तोंडं तासून सपाट करणाऱ्या यंत्राने, दोन्ही तोंडांची सलग साल निघाली पाहिजे. तोंडं टेकवल्यावर फट अर्ध्या मिमीच्या आत आणि पायरी जाडीच्या दहा टक्क्यांच्या, म्हणजे २.८ मिमीच्या आत हवी. प्लेट २०० ते २२० अंश. जाड पाइपला खालचा आकडा बरा. पूर्ण दाबाने ३ मिमी बीड उठला की दाब जवळजवळ शून्यावर आणून २८६ सेकंद थांबायचं. सगळ्यात जास्त जॉइंट इथे बिघडतात. दाब उतरवायचा राहिला तर वितळलेला माल बाहेर ढकलला जातो आणि तोंडावर जोडायला काही उरत नाही. त्यातून उठलेला बीड उलट मोठा आणि भरीव दिसतो, आणि गिऱ्हाईक तोच पाहून खूश होतं. प्लेट काढून तोंडं भिडवायला १२-१३ सेकंद. मग दाब धरून सुमारे ३५ मिनिटं थंड होऊ द्यायचं, क्लॅम्प न सोडता, पाणी न मारता.

कोल्हापूरच्या जुलैत हे सगळं तंबूतच करावं लागतं. तंबू असूनही पाइपची दूरची टोकं उघडी राहिली तर आतून वारा वाहतो आणि तोंड थंड पडतं, म्हणून टोकांना झाकणं आधी. जनरेटरवर पंप आणि प्लेट एकदम चालले की व्होल्टेज पडतं. तेव्हा प्लेटवरच्या डिस्प्लेवर न विसंबता कॉन्टॅक्ट थर्मामीटरने दोन्ही बाजूंना चार-चार जागी तापमान घेतो. तोंडाला बोट लागलं तरी पुन्हा ट्रिमर.

बाहेरचा बीड आम्ही कापून काढतो आणि दर काही सेंटीमीटरवर उलटा पिळून पाहतो. खालच्या बाजूला चीर उघडली तर धूळ किंवा ओल गेली असं समजायचं, जॉइंट कापायचा. उपसा सिंचनात वीज अचानक जाते, वरचं पाणी दणक्याने मागे येतं, आणि असे जॉइंट नेमके तेव्हा तुटतात. दोष मोटारीला दिला जातो. तुटलेलं तोंड पाहिलं तर ते काचेसारखं सपाट असतं. चांगल्या जॉइंटमध्ये माल ताणला जाऊन तंतू निघतात.

माल घेताना आयएस ४९८४ या भारतीय मानकाप्रमाणे कार्बन ब्लॅक (उन्हापासून वाचवणारी काजळी) २.५ टक्के, अधिक-उणे अर्धा, आणि २०० अंशांना ऑक्सिडेशन इंडक्शन, म्हणजे ऑक्सिजनमुळे माल खराब व्हायला लागेपर्यंतचा वेळ, किमान २० मिनिटं, हे बॅचचं सर्टिफिकेट मागतो. रिसायकल मालाची भेसळ असली तर ती बहुधा इथे उघडी पडते. ओरखडे डेप्थ गेजने मोजतो. जाडीच्या १० टक्के खोलीपर्यंत चालतं असं सर्रास मानतात, आम्ही ५ टक्क्यांवर तुकडा बाजूला काढतो.

प्रत्येक जॉइंटला नंबर, वेल्डरचं नाव, दोन्ही पाइपच्या बॅच आणि डेटा लॉगरचा दाब-वेळेचा आलेख असतो. मशीन, जनरेटर किंवा पाइपची कंपनी बदलली की पहिला जॉइंट कापून त्याच्या पट्ट्या उलट्या वाकवतो आणि ओढून तोडतो. त्या जॉइंटचा खर्च कोटेशनमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलेला असतो आणि ती ओळ वजा करून दर मागितला तर ते काम आम्ही घेत नाही.