फुकटचं खत

"अहो, कापलेलं गवत उचलून कुठे नेताय? राहू द्या की तिथेच, फुकटचं खत होईल!" शहराकडेच्या चुनखडीच्या माळावर आज एका काकांनी हटकलं.

शेताच्या हिशेबाने त्यांचं बरोबरच. पण इथे खतच नको असतं. मातीचा थर पातळ, अन्नद्रव्यं कमी. म्हणून तर एका चौरस मीटरमध्ये ३०-४० जातींच्या वनस्पती दाटीवाटीने नांदू शकतात. जमीन सकस झाली की दांडगं गवत माजतं आणि रानटी थाइम, ऑर्किड अशी ठेंगणी मंडळी सावलीत गुदमरतात. म्हणून बी गळल्यावर कापायचं आणि उचलायचं. दरवर्षी. (पाठ धरते, ते वेगळं.)

काकांना काही पटलेलं दिसलं नाही. मोकळी जागा दिसली की भर टाकायची, रोपं लावायची, ही शहराची सवयच. हलकी जमीन हलकीच राहू द्या, हे बागखात्याला कोण सांगणार?