बूथनिहाय आकडे जुळवताना

२००९, २०१४ आणि २०१९ च्या विधानसभेला आमच्या भागातल्या बूथवर मतदान कसं फिरलं, एवढंच मला बघायचं होतं. मतदारसंघाचे एकूण आकडे तयार मिळतात. अशोका विद्यापीठाच्या 'लोकढाबा' या निवडणूक आकड्यांच्या वेबसाइटवर तर १९६२ पासूनचे आहेत. बूथनिहाय हवे असतील तर मात्र फॉर्म २०, म्हणजे अंतिम निकालाचा तक्ता, उघडावा लागतो. माझ्या हाती आले ते तिरके, पुसट स्कॅन. तीन आहे की आठ, कळेना.

शेवटी राजारामपुरीत काकांकडे जाऊन बसले. ते ओळ वाचायचे, मी एक्सेलमध्ये भरायची. ओळीतली मतं मिळवून एकूण वैध मतांच्या रकान्याशी ताडली की तीन-आठचा घोळ मिटायचा. सगळं भरलं, तरी उमेदवारांची बेरीज जाहीर आकड्यापेक्षा कमीच. रात्री दहाला काका म्हणाले, "अगं, टपाली मतं धरलीस काय?" ती शेवटच्या पानावर वेगळ्या ओळीत होती.

खरं डोकं फिरवलं ते बूथ क्रमांकांनी. मतदार वाढले की बूथ फुटतो, पुढचे सगळे क्रमांक सरकतात. २००९ चा ४५ म्हणजे २०१९ चा ४५ नव्हे. म्हणून शाळेच्या नावावरून जोडायला गेले, तर एकाच इमारतीला कुठे 'कन्या विद्या मंदिर', कुठे 'क. वि. मं.', कुठे नुसतंच 'जि. प. शाळा, खोली क्र. २'. एक यादी जुन्या फॉन्टमधली. कॉपी केली की नुसती अक्षरांची खिचडी. तीनशेच्या आसपास नावं हातानं जुळवली. 'नोटा' (वरीलपैकी कुणीही नाही) हा पर्याय २०१३ मध्ये आला, म्हणून २००९ ला तो रकानाच नाही, आणि नोटा वैध मतांत मोजत नाहीत. टक्केवारी वैध मतांवर काढायची, हे मी पहिल्याच ओळीत लिहून ठेवलं.

एका बूथची बेरीज मूळ कागदावरच जुळत नाही. काका म्हणाले, "दुरुस्त करून टाक की." मी केली नाही. छापलंय तसं ठेवलं आणि शेजारच्या रकान्यात पान क्रमांक आणि फरक लिहिला. मी गुपचूप बदललेला आकडा पुढं कुणीतरी खरा धरून चालेल, हे मला सहन होणार नाही.

काका नोकरीत असताना निवडणुकीत मतदान केंद्राध्यक्ष होते. मतदान संपल्यावर १७-सी या मतांच्या हिशेबाच्या फॉर्मची प्रत उमेदवारांच्या प्रतिनिधींना द्यायची असते, हे त्यांनीच सांगितलं. त्यात यंत्रात पडलेली एकूण मतं असतात. म्हणजे चूक बेरजेत आहे की एखाद्या उमेदवाराच्या आकड्यात, हे त्यावरून कळेल. त्या बूथवर बसलेले एक पोलिंग एजंट काकांच्या ओळखीचे निघाले. प्रत त्यांनी जपून ठेवलीय का, ते विचारायला रविवारी दोघं जाणार आहोत.