साउथॉलचे काका आणि पंक

लंडनला राहते म्हटल्यावर पुण्यातली भाचरं कॅम्डेनच्या रंगीत तुरेवाल्या पंकांबद्दल, म्हणजे पंक या बंडखोर रॉक संगीताच्या चाहत्यांबद्दल, विचारतात. काकांपुढे मात्र तो विषय काढायची सोय नव्हती. सत्तरच्या दशकात ते लंडनच्या पश्चिमेला साउथॉल या भारतीयांच्या वस्तीत, कारखान्यात नोकरीला होते. आता सहकारनगरला असतात. "केस उभे, कपड्यांना सेफ्टी पिना. असली पोरं दिसली की आम्ही रस्ता बदलायचो." त्यांच्या लेखी पंक आणि नॅशनल फ्रंट या वर्णद्वेषी पक्षाचे गुंड एकच. ही भीती अनाठायी नव्हती. सुरुवातीच्या काही पंकांनी निव्वळ डिवचायला म्हणून नाझी चिन्हं मिरवली होती.

या डिसेंबरात पुण्याला आले तेव्हा आम्ही दोघांनी रुबिका शाह यांचा 'व्हाइट रायट' हा २०१९चा माहितीपट पाहिला. त्यातली गोष्ट अशी: ऑगस्ट १९७६मध्ये प्रसिद्ध रॉक गिटारवादक एरिक क्लॅप्टनने बर्मिंगहॅमच्या मंचावरून स्थलांतरितांविरुद्ध गरळ ओकली. छायाचित्रकार रेड साँडर्स आणि त्याच्या मित्रांनी संगीत साप्ताहिकांना खरमरीत पत्र लिहिलं, आणि त्यातून 'रॉक अगेन्स्ट रेसिझम' ही वर्णद्वेषाविरुद्धची संगीत चळवळ उभी राहिली.

त्याच वर्षी जूनमध्ये साउथॉलला १८ वर्षांच्या गुरदीपसिंग चग्गरचा भोसकून खून झाला होता. काका त्या दिवसांबद्दल कधी बोलत नाहीत. त्या संध्याकाळी बोलले. पाळी सुटली की चौघंपाच जण मिळूनच घरी जायचे. एकट्याने निघायचं नाही, हे ठरलेलं. पंकची बाजू मांडणारं व्याख्यान त्यांनी दोन मिनिटंही ऐकलं नसतं. पण पडद्यावर त्या काळचं लंडन आणि भिंतींवरची नॅशनल फ्रंटची तीच 'एनएफ' अक्षरं दिसली आणि ते पुढे सरकून बसले.

मग ३० एप्रिल १९७८, याच चळवळीचा मोर्चा आणि संगीतमेळा. ट्रॅफल्गर चौकातून व्हिक्टोरिया पार्कपर्यंत चालत आलेली हजारो तरुण मुलं. मंचावर द क्लॅश हा पंक बँड, जमैकाचं रेगे संगीत वाजवणारे स्टील पल्स आणि एक्स-रे स्पेक्स या पंक बँडची गायिका पॉली स्टायरीन: सोमाली वडिलांची, दातांना तारा लावलेली मुलगी.

"थांबव जरा. ही तर आपल्यातलीच वाटते! आणि ही पोरं आमच्यासाठी चालत होती?"

गाण्याबद्दलचं मत तसंच आहे. "सुराच्या नावाने शंख," म्हणाले. सवाईला वर्षानुवर्षं रात्री जागवलेला माणूस आणखी काय म्हणणार! पण नंतर त्यांनीच विचारलं, पुढे काय झालं? ते १९७८च्या शेवटी परतले होते. एप्रिल १९७९मध्ये साउथॉलला नॅशनल फ्रंटविरुद्धच्या निदर्शनात ब्लेअर पीच हा शिक्षक मारला गेला, आणि तिथे अटक झालेल्यांच्या खटल्यांसाठी द क्लॅशने जुलैमध्ये रेनबो थिएटरात कार्यक्रम केला, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. आता त्यांना त्या कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण हवंय. शोधतेय.