आत

"तो सध्या आत आहे." एवढं वाक्य पुरतं. कुठे, कशाच्या आत, कोणी विचारत नाही. घरातल्याला आपण 'घरात आहे' म्हणतो, दवाखान्यातल्याला 'ॲडमिट आहे' म्हणतो. नुसतं 'आत' मात्र एकाच जागेसाठी राखून ठेवलेलं. पुण्यात 'येरवड्याला' म्हटलं की थोडा घोळ होतो, कारण तिथे मध्यवर्ती कारागृह आहे तसं मनोरुग्णालयही आहे. कुठल्या दाराबद्दल चाललंय ते बोलणाऱ्याच्या सुरावरून ओळखायचं. ठाणेकरांचीही तीच अडचण.

दुपारी जेवून पेपर घेऊन आडवं झालं की स्थानिक पानावरची एक चौकट हमखास दिसते. मथळ्यात 'चोरटा जेरबंद', पहिल्या ओळीत 'संशयित', पुढे 'आरोपी', आणि शेवटी 'सदर गुन्हेगाराला न्यायालयाने चार दिवसांची पोलीस कोठडी सुनावली'. माणूस एकच. शब्द पुन्हा येऊ नये म्हणून शाळेत पाठ केलेले समानार्थी शब्द बातमीदाराने एकेक करून वापरून टाकलेत. पण संशयित म्हणजे पोलिसांना ज्याचा वहीम आहे तो, आणि आरोपी म्हणजे ज्याचं नाव गुन्ह्यात आलं तो. दोषी ठरवायचं काम न्यायाधीशांचं, आणि गुन्हेगार म्हणायचं ते त्यानंतर. चार ओळींच्या बातमीत हा सगळा खटला पार पडतो, तोही साक्षीपुराव्याशिवाय.

'जेरबंद' तर मूळचा घोड्याचा. घोड्याने मान वर उडवू नये म्हणून तोंडापासून पोटाच्या तंगापर्यंत जो पट्टा बांधतात, तो जेरबंद. आता घोडे गेले, आणि हा शब्द बिबट्या व मंगळसूत्रचोर यांच्यात वाटून घेतलेला आहे.

'कोठडी सुनावली' हे आणखी एक. सुनावतात ती शिक्षा, कोठडी देतात. अटक झाल्यावर प्रवासाचा वेळ वगळून 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. तिथे सरकारी वकील तपासासाठी ताबा मागतात: मुद्देमाल हस्तगत करायचाय, साथीदार शोधायचेत. मिळाली तर पोलीस कोठडी, म्हणजे मुक्काम पोलीस ठाण्याच्या लॉकअपमध्ये आणि चौकशी सुरू. नाही मिळाली किंवा संपली, की न्यायालयीन कोठडी, म्हणजे रवानगी तुरुंगात. पोलीस कोठडी एकूण 15 दिवसांची. पूर्वी हे दिवस अटकेनंतरच्या पहिल्या पंधरवड्यातच संपवावे लागत. 1 जुलै 2024 पासून नवा कायदा लागू झाला, तेव्हापासून ते तुकड्या-तुकड्यांनी, गुन्ह्याच्या गांभीर्यानुसार पहिल्या 40 किंवा 60 दिवसांत घेता येतात. आणि 60 किंवा 90 दिवसांत दोषारोपपत्र आलं नाही, तर आरोपीला जामिनाचा हक्कच मिळतो. या तारखेवर आरोपीच्या वकिलाचा डोळा असतो. तपास अधिकाऱ्याची झोप याच तारखेपायी उडते.

पाटीवर 'कारागृह' लिहिलेलं असलं तरी तोंडात 'तुरुंग'च येतो, आणि तो पोर्तुगिजांनी दिलेला. त्यांचा 'त्रोंकु' म्हणजे झाडाचं खोड, मग कैद्याचे पाय अडकवायचं भोकं पाडलेलं लाकूड, मग ती जागाच. आपणही खोडापासून 'खोडा' केला होता, त्याच कामासाठी. पण आपला खोडा लग्नकार्यात आणि बढतीत घालायला उरला आणि त्यांचा तुरुंग झाला. मलायी भाषेतही तुरुंगाला 'तरुंगकू' असा शब्द आहे, म्हणजे गलबतं गेली तिथे तिथे हा शब्दही उतरलेला दिसतो.

गुन्हा आणि अपराध यांचंही तसं जमत नाही. अपराध पोटात घालता येतो, शिशुपालाचे शंभर मोजून घेता येतात. गुन्हा पोटात घाला, असं कोणी म्हणत नाही. गुन्हा दाखल होतो, उघडकीस येतो, शाबीत होतो. कायद्याच्या छापील मराठीत 'अपराध', स्टेशन डायरीत 'गुन्हा'. आणि मनाला टोचणी लागते तेव्हा 'अपराधी वाटतं', गुन्हेगार वाटत नाही. सराईताला तर तेही वाटत नसावं.

शिक्षेच्या आकड्यांत सगळ्यात जास्त गफलत होते. एका कलमाखाली 5 वर्षं, दुसऱ्याखाली 3, तिसऱ्याखाली 2, की मथळा तयार: 'दहा वर्षांची सक्तमजुरी'. निकालपत्राच्या शेवटी 'सर्व शिक्षा एकत्रित भोगायच्या आहेत' असं असेल, तर भोगायची 5 वर्षंच. त्यातून निकालाआधी आत काढलेले दिवस वजा होतात. दंड भरला नाही तर भोगायची कैद मात्र वेगळी; ती कशात मुरत नाही. सक्तमजुरीला काम करावंच लागतं, साध्या कैदेत सक्ती नाही. जन्मठेप म्हणजे चौदा वर्षं, हे तर पारावर बसलेला प्रत्येक जण छातीठोक सांगतो. जन्मठेप म्हणजे उरलेलं सगळं आयुष्य, हे सर्वोच्च न्यायालयाने 1961 सालीच सांगून ठेवलंय. फाशीचीही तरतूद असलेल्या गुन्ह्यात जन्मठेप झाली, तर सरकारने शिक्षेत सूट देण्याआधी निदान 14 वर्षं आत काढलेली असली पाहिजेत, एवढाच त्या चौदाचा अर्थ. चौदानंतर दार आपोआप उघडत नाही.

सुट्टीचे शब्द मात्र खास सरकारी. फर्लो म्हणजे 'संचित रजा', पॅरोल म्हणजे 'अभिवचन रजा'. नुसतं ऐकलं तर वाटावं, मंत्रालयातला कोणी कारकून मुलीच्या लग्नाला गावी निघालाय.

राहिला कच्चा कैदी, कागदावरचा 'न्यायाधीन बंदी'. ज्याचा निकाल लागलेला नाही, तो कच्चा. देशातल्या तुरुंगांत दर चार जणांमागे साधारण तिघे कच्चे असतात. यातल्या काहींच्या बाबतीत 'जामीन मंजूर' अशी बातमीही येऊन गेलेली असते, आणि वाचणाऱ्याला वाटतं की सुटला. मंजूर झाला तो फक्त आदेश. नुसत्या जातमुचलक्यावर, म्हणजे स्वतःच्याच लेखी हमीवर सोडलं तर ठीक. पण जामीनदार मागितला, की सातबारा किंवा पगाराची स्लिप, रेशनकार्ड, तहसीलचा ऐपतीचा दाखला आणि स्वतः हजर राहणारा माणूस, एवढं जमवावं लागतं. ते कोर्टाने तपासून मान्य केलं की सुटकेचा आदेश निघतो, आणि तो तुरुंगात वेळेत पोचावा लागतो. मुंबईच्या आर्थर रोड तुरुंगाबाहेर यासाठी जामीनपेटी आहे. संध्याकाळी ती शेवटची उघडली जाते, त्यानंतर पडलेला कागद दुसऱ्या दिवशीचा. परराज्यातून कामाला आलेल्या, भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या मजुराला सातबारावाला जामीनदार इथे कोण देणार? मग जामीन मंजूर होऊनही तो महिनोन्‌महिने तिथेच असतो, आणि त्याच्यासाठी कुठल्याच रकान्यात वेगळा शब्द नाही.